विमानाच्या जोडणीत यंत्रमानव आधी की नोंद आधी?

ओझरकर

नाशिकजवळ ओझर येथे हिंदुस्तान एरोनॉटिक्सने ऑक्टोबर २०२५ मध्ये तेजस एमके-१ए विमानांच्या जोडणीचा नवा विभाग सुरू केला. तेव्हापासून आमच्या भागात 'आता इथेही यंत्रमानव आणले पाहिजेत' असे वारंवार ऐकू येते. मला हे घाईचे वाटते.

बोइंगने सिएटलजवळच्या एव्हरेट कारखान्यात ७७७ विमानाच्या धडाची जोडणी यंत्रमानवांकडे सोपवण्याचा प्रयोग केला होता. एका धडाला सुमारे ६०,००० फास्टनर, म्हणजे पत्रे एकमेकांना जोडणारे रिव्हेट, बोल्ट वगैरे, लागतात. पूर्वी एक कारागीर बाहेरून रिव्हेट ठोकणारी रिव्हेट गन चालवी आणि दुसरा आतून बकिंग बार, म्हणजे रिव्हेटचे टोक चेपणारा धातूचा ठोकळा, दाबून धरी. तेच काम आता यंत्रमानवांची जोडी करणार होती, एक आत आणि एक बाहेर. प्रत्यक्षात या दोघांचा ताळमेळ नीट बसेना, काम अर्धवट राहिलेली विमाने पुढे सरकत आणि उरलेले रिव्हेट माणसांना हाताने मारावे लागत. अखेर २०१९ मध्ये कंपनीने हा नाद सोडला. आता बाहेरून लावलेल्या पट्ट्यांवर सरकणारे यंत्र भोके पाडते आणि फास्टनर माणूस बसवतो.

माझ्या मते कारखान्यात वेळ वाया जातो तो हात संथ असल्यामुळे नव्हे, तर कोणी काय उघडले आणि काय बंद केले याचा पत्ता नसल्यामुळे. ५ जानेवारी २०२४ रोजी अलास्का एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ मॅक्स विमानाचा दरवाजाच्या जागी बसवलेला भाग सुमारे १५,००० फुटांवर निखळून पडला. शेजारचे पाच सदोष रिव्हेट दुरुस्त करण्यासाठी बोइंगच्या रेंटन येथील कारखान्यात तो भाग उघडला होता. परत बसवताना चार बोल्ट लावलेच गेले नाहीत आणि तो उघडल्याची नोंदही कोठे नव्हती. ओझरच्या नव्या विभागाची क्षमता वर्षाला ८ विमानांची आहे. एवढ्या संख्येसाठी यंत्रमानवांवर पैसा ओतण्यापेक्षा प्रत्येक बोल्टचा टॉर्क, म्हणजे तो किती जोराने आवळला ते, आपोआप नोंदवणारे रेंच (पाने) आणि कागदाऐवजी टॅबलेटवरची जॉब कार्डे, म्हणजे कामाच्या पायऱ्यांच्या याद्या, आधी घ्यावीत.

यंत्रवेडी

असहमत. ज्या २०१९ साली बोइंगने माघार घेतली, त्याच वर्षी ऑक्टोबरात एअरबसने हॅम्बुर्गमध्ये ए३२० मालिकेच्या धडांसाठी २० यंत्रमानवांचा विभाग सुरू केला, हे आपण सांगितले नाही. शिवाय एव्हरेटमध्येही भोके अजून यंत्रच पाडते, हे आपणच लिहिले आहे. तेथे फसला तो सगळेच काम एकदम आणि दोन्ही बाजूंनी यंत्राकडून करून घेण्याचा हट्ट. वर्षानुवर्षे रिव्हेट गन धरणाऱ्याची बोटे पांढरी पडतात, बधिर होतात आणि कानही हळूहळू जातात. ज्याने हे घरात पाहिले आहे तो 'हात संथ नाहीत' या युक्तिवादावर थांबणार नाही. वर्षाला ८ विमानांसाठी हॅम्बुर्गचा खर्च परवडणार नाही हे मान्य, पण पट्टीवर सरकणारे यंत्र तुलनेने लहान असते आणि एका विमानावरून काढून दुसऱ्यावर लावता येते. ओझरच्या चर्चेत त्याचा विचार का नको?

हँगरमधला

मी देखभालीच्या बाजूचा माणूस आहे, जोडणीचा नव्हे, आणि मला धागाकर्त्यांच्या नोंदीवरील विश्वासाचीच अधिक काळजी वाटते. मी पूर्वी ज्या ठिकाणी नोकरीला होतो तेथे कागदी कार्डे जाऊन टॅबलेट आले. पहिला महिना सारे शिस्तीत चालले. नंतर हात तेलकट, टॅबलेट खाली टेबलावर आणि आपण शेपटापाशी डॉकिंगवर (विमानाभोवतीच्या उंच मचाणावर), अशा अवस्थेत प्रत्येक पायरीला खाली उतरणे कोणालाच जमेना, आणि शिफ्ट संपताना काम झाल्याच्या सगळ्या खुणा एका बैठकीत होऊ लागल्या. पडद्यावर काम शंभर टक्के पूर्ण आणि वेळांवर नजर टाकली तर चाळीस पायऱ्या सहा मिनिटांत! कागदावर निदान तेलाचा डाग तरी खरा असे.

तपासणीत मात्र मी यंत्राच्या बाजूने आहे. १९८८ मध्ये हवाई बेटांवर अलोहा एअरलाइन्सच्या ७३७ विमानाचे छत उड्डाणात फाटून उडाले आणि एका हवाई सेविकेचा मृत्यू झाला. त्या विमानाची ८९,६८० उड्डाणे झाली होती. विमानात चढताना एका प्रवासी महिलेला भेग दिसली होती, पण ती कोणाला बोलली नाही. तपासनीसांच्या नजरेतून मात्र ती भेग सुटली होती. रात्रपाळीत टॉर्च घेऊन रिव्हेटच्या हजारो डोक्यांकडे पाहण्याचे काम माणसाच्या स्वभावात बसत नाही. एअरबसने २०१८ मध्ये दाखवलेला ड्रोन विमानाच्या वरच्या भागाची छायाचित्रे अर्ध्या तासात घेत असे आणि एरवी दिवस खाणारी तपासणी तीन तासांत उरके.

ओझरकर

टॅबलेटवरची खूण आणि रेंचने स्वतः पाठवलेला आकडा यांत फरक आहे. खूण माणूस मागाहून करतो. रेंचचा आकडा वेळेसह त्याच क्षणी नोंदला जातो. एखाद्या बोल्टचा आकडा आलाच नाही, तर ते कार्ड बंद होऊ देऊ नये, एवढेच मी म्हणत आहे. हँगरमधला यांचा अनुभव खरा असला, तरी तो वाईट रीतीने आणलेल्या टॅबलेटचा आहे.

यंत्रवेडी

ही पद्धत अलास्का एअरलाइन्सच्या त्याच विमानाला लावून पाहा. तो भाग उघडल्याची नोंद नव्हती, म्हणजे तो बंद करण्याचे कार्डच निर्माण झाले नव्हते. जे कार्डच नाही ते रेंचचा आकडा मागणार कोठून? उलट अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने त्या जागेचे एक छायाचित्र प्रसिद्ध केले आहे. विमान कारखान्यात असतानाच ते काढलेले होते, कर्मचाऱ्यांच्या आपसांतील संदेशात फिरले होते आणि त्यात बोल्ट नसलेल्या जागा दिसतात. पुरावा होता, त्याकडे त्या दृष्टीने पाहणारे कोणी नव्हते. कारखान्यातून बाहेर पडण्याआधी प्रत्येक विमानाची अशी छायाचित्रे घेऊन ती आराखड्याशी ताडून पाहण्याचे काम संगणक न कंटाळता करील.

हँगरमधला

एक भर घालतो. त्या छायाचित्रात तीनच जागा दिसतात. चौथी इन्सुलेशनखाली झाकली गेली होती. कॅमेऱ्याला आच्छादन बाजूला सारता येत नाही. भारतात विमान सेवेत परत सोडताना प्रमाणपत्रावर परवानाधारक इंजिनिअरची सही लागते, आणि सही करणाऱ्याने वाकून, हात घालून पाहिले आहे हे त्या सहीत गृहीत असते.

यंत्रवेडी

तीन पुरेशा होत्या.