डिलिव्हरीच्या गाडीने नुकसान केलं, भरपाई मिळाली का? अनुभव सांगा

आज सकाळी गल्लीत पार्सलचा टेम्पो रिव्हर्स घेत होता. तो टूं-टूं आवाज कानावर पडला आणि मी हातातली बादली तशीच टाकून गेटकडे धावले. तीन वर्षं झाली, अजून धावते.

तेव्हा मात्र घरात होते. दुपारची वेळ, धाडकन आवाज आला. बाहेर येऊन बघते तर गेटचा डावा खांब बुडातून कललेला, भिंतीला हात जाईल एवढी भेग, आणि खांबावर चढवलेली जाई मातीत. सासऱ्यांनी लावलेली होती. ते जाऊन सहा महिनेही झाले नव्हते.

ड्रायव्हर विशीतला पोरगा. हात थरथरत होते त्याचे. "काकू, ऑफिसला कळवू नका, पगारातून कापतात." खिशातून पाचशेच्या दोन नोटा काढून पुढे केल्या. मी त्या घेतल्या नाहीत आणि फोनही केला नाही. गाडीच्या नंबरचा तेवढा फोटो काढला. संध्याकाळी यांनी फोन केला तर कंपनी म्हणाली, गाडी आमची नाही, कंत्राटदाराची. कंत्राटदार म्हणाला, तो ड्रायव्हर काम सोडून गेला. चार महिने हेच ऐकलं, शेवटी आमच्याच पैशांनी गवंडी लावला.

गाडीचा विमा असतो आणि भरपाई तिथून येते, पोराच्या खिशातून नाही, हे त्या दुपारी मला माहीत असतं तर मी त्यालाही सोडवलं असतं आणि भिंतही उभी राहिली असती. तुमच्याकडे असं काही झालं असेल तर लिहा. पैसे मिळाले असतील तर कसे मिळाले तेही लिहा.

* * *

आमचं पाण्याचं मीटर. सिमेंटच्या गोण्या घेऊन आलेला ट्रक थेट चाकाखाली घेऊन गेला. कारंजं उडालं नुसतं. दुकानदाराने दुसऱ्या दिवशी प्लंबर पाठवला, मीटरचे पैसेही दिले. ओळखीचा होता म्हणून झालं. अनोळखी असता तर काय केलं असतं, खरंच माहीत नाही.

* * *

ताई, जाईचं वाचून गलबलून आलं. परत फुटली का ती?

* * *

मोटार क्लेमच्या कामात अकरा वर्षं काढली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो. ताई, तुम्हाला जे कुणी सांगितलं नाही ते बहुतेकांना कुणीच सांगत नाही.

मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे रस्त्यावरच्या प्रत्येक गाडीला थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. लोकांना वाटतं तो फक्त माणूस जखमी झाला किंवा गेला तरच. तसं नाही. तिसऱ्या माणसाच्या मालमत्तेचं नुकसानही त्यात येतं. चारचाकी आणि मालवाहू गाड्यांच्या नेहमीच्या पॉलिसीत ही मर्यादा साडेसात लाख असते, दुचाकीला एक लाख. काही मालक हप्ता वाचवायला ती ६,००० वर आणून ठेवतात, म्हणून पॉलिसीची प्रत मागायचीच.

कंपनी म्हणाली गाडी आमची नाही, तर वाद घालत बसू नका. आरसीवर ज्याचं नाव तो मालक, आणि त्याची विमा कंपनी. एम-परिवहन अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाकला की विमा चालू आहे का ते तिथल्या तिथे दिसतं. पोलिसांत नोंद करून पंचनाम्याची प्रत घ्या. विमा कंपनी ऐकत नसेल तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण आहे. तिथे फक्त जखमींचेच दावे चालतात हा गैरसमज आहे. नुकसान २,००० रुपयांच्या वर असेल तर दिवाणी न्यायालयात जायचा पर्यायही तुमच्याकडे असतो.

आणि गवंड्याचं पक्कं बिल घ्या. चिठोऱ्यावरच्या आकड्याला कुणी विचारत नाही. माझ्यासमोर कितीतरी खरे दावे नुसत्या बिलापायी अर्ध्यावर आले, तेव्हाही वाईट वाटायचं.

* * *

^ दादा, फार मोलाचं लिहिलंत. आमचं प्रकरण मागच्या पावसाळ्यातलं आहे, आता दहा महिने झाले. अजून दावा करता येतो का?

* * *

१ एप्रिल २०२२ पासून न्यायाधिकरणात अर्ज करायला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे. दिवाणी दाव्याची मुदत वेगळी असते. कागद घेऊन याच आठवड्यात वकिलाला भेटा, पुढच्या महिन्यावर ढकलू नका.

* * *

घराखाली लावलेली माझी कार. फर्निचरच्या टेम्पोने दार आत दाबलं. मला घाई होती, ऑफिसला रोज कारनेच जायचं, म्हणून स्वतःच्याच पॉलिसीवर क्लेम केला. आठ दिवसांत गाडी हातात. पण पाच वर्षं जपलेला ५० टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, गेला. नूतनीकरणाचा हप्ता बघून डोळ्यांसमोर अंधारी आली. समोरच्याच्या विम्यावर गेले असते तर वेळ लागला असता, बोनस राहिला असता. छोटं काम असेल तर आधी हा हिशोब मांडा, मग क्लेम करा.

* * *

मी अडीच वर्षं पार्सलचा टेम्पो चालवला. आता सोडलंय. हा धागा वाचून लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

गाडीत मदतनीस नसतो. मागे बघायला कुणी नाही, दोन आरशांवर सगळा कारभार, आणि गाडीच्या अगदी मागचं आरशात दिसतच नाही. गल्लीत दोन्ही बाजूंना गाड्या लावलेल्या. फोनवर पुढच्या घराची वेळ पळत असते. कापतात हे खरं आहे. माझे एकदा एका महिन्यात साडेतीन हजार कापले, गाडीच्या दिव्यासाठी. त्यामुळे पोरं घाबरतात, पळतात, हजार-पाचशे देऊन मिटवायला बघतात.

माझ्याकडून एका घराच्या ओट्याची कड गेली होती. आतून एक आजोबा आले. ओरडले नाहीत. म्हणाले, "बस इथे, पाणी पी, आणि मालकाला फोन लाव." माझ्याच फोनवरून मालकाशी बोलले, विम्याचा कागद मागवला, फोटो काढले, झालं ते एका कागदावर लिहून माझी सही घेतली आणि त्याखाली स्वतःची केली. मालक आधी चिडला. पण कागद समोर आल्यावर विमा कंपनीकडे गेला. माझ्या पगारातून एक रुपया गेला नाही. ताई, तुमच्या इथला तो पोरगा आठवत असेल तुम्हाला. तुम्ही नोटा घेतल्या नाहीत, हे तोही विसरला नसेल.

* * *

दादा, डोळ्यांत पाणी आलं. आता गाडी चालवता का कुठे?

* * *

स्कूल बस. मदतनीस आहे सोबत 🙂

* * *

सोसायटीचं गेट. लोखंडी, सरकतं. एका मोठ्या डिलिव्हरी ट्रकने रुळावरून उचकटून टाकलं. वॉचमनच्या वहीत गाडीचा नंबर होता तो चुकीचा, एक आकडा उलटा. सीसीटीव्ही बघायला आम्ही बारा दिवसांनी बसलो, तोवर त्यावर नवीन रेकॉर्डिंग चढलेलं. सगळं संपलं असं वाटत होतं. मग तिसऱ्या मजल्यावरच्या एका वहिनींनी फोन दाखवला. त्यांचं कपाट त्याच ट्रकमधून आलं होतं, 'वस्तू पोहोचली' हा मेसेज आणि त्यावरची वेळ. तो मेसेज जोडून पत्र पाठवलं तर पाच आठवड्यांत पैसे आले. थोडा घसारा कापला, गेट जुनं म्हणून.

आता नियम केलाय, काही झालं की त्याच दिवशी फुटेज पेनड्राइव्हवर.

* * *

घराचा विमा कुणी काढला आहे का? आमच्याकडे भारत गृह रक्षा आहे, १ एप्रिल २०२१ पासून आलेली ही सगळीकडे सारख्या अटींची पॉलिसी. वाहन आदळून झालेलं नुकसान त्यात येतं हे आम्हाला भिंत पडल्यावर कळलं. आमच्या विमा कंपनीने आम्हाला पैसे दिले आणि ट्रकवाल्याकडून वसूल करायचं तिने बघितलं. सर्वेअर येईपर्यंत विटा हलवू नका म्हणाले होते, तेवढे चार दिवस घराला भिंत नव्हती. रात्री झोप नाही लागली.

* * *

हा आमचा धडा: 'पूर्ण व अंतिम रक्कम मिळाली' असं छापलेल्या कागदावर सही केली आणि पंधरा दिवसांनी प्लास्टर आतून सुटलं. काम पुरं होऊन, भिंतीवर आठवडाभर पाणी मारून होईपर्यंत सही नको.

* * *

जाईबद्दल कुणीतरी विचारलं होतं, धागावाल्या ताईंनी सांगितलंच नाही.

* * *

सांगायचं राहिलंच, आत्ता स्वयंपाक उरकून बसले. सगळ्यांचं वाचलं. आमची तारीख केव्हाच उलटून गेली, पण शेजारच्यांच्या ओट्याला मागच्याच महिन्यात गाडी लागली आहे, त्यांना आज संध्याकाळी हा धागा दाखवते.

जाई बुडातून तुटली होती. मुळं राहिली. दोन वर्षं नुसती पानं, यंदा नव्या खांबावर चढली आहे. फूल नाही आलं अजून.

* * *

मग येत्या पावसाळ्यात एक फांदी वाकवून मातीत दाबून ठेवा ताई, वर वीट ठेवा. मुळं धरली की रोप वेगळं करता येतं. म्हणजे एक गेटवर आणि एक आत, गाडी पोहोचणार नाही अशा जागी.

* * *

वीट आहे. त्याच खांबाची एक ठेवली आहे मी.