बैगानी म्हणजे नुसती छत्तीसगढीची बोली?

गोंदियावाली: आमच्या शेजारचा मध्य प्रदेशातला बालाघाट, तिथून पुढे मंडला-दिंडोरी, हा सगळा बैगा आदिवासींचा पट्टा, पण आपल्याकडे कान्हाची सफारी सोडली तर त्यांचं नावही निघत नाही. त्यांची बैगानी ही छत्तीसगढीची बोली असं म्हणून लोक मोकळे होतात, ते मला पटत नाही. मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवर लिहिणाऱ्या रसेल आणि हिरालालनी 1916 मध्येच लिहून ठेवलंय की बैगा हे छोटा नागपूरच्या भुइया जमातीची शाखा असावेत, म्हणजे आधी मुंडा गटातली, संथालीसारखी भाषा असणार ना?

शंकेखोर: असणार वगैरे ठीक, पुरावा काय? भारतातल्या भाषांचं सर्वेक्षण करणाऱ्या ग्रिअर्सननेही बैगानी छत्तीसगढीखालीच टाकलीय. जमातीवरून भाषा ठरवायची तर भिल्लांची भाषा आर्य गटातली कशी?

गोंदियावाली: भिल्लांचंच घ्या की, भिली जनगणनेत वेगळी मोजतात! इथे छत्तीसगढीच हिंदीत जमा होते, मग तिच्याखाली टाकलेल्या बैगानीला कोण विचारतंय.

बेवरवाला: तुम्ही दोघं व्याकरणातच अडकलात राव. बैगा नांगर धरत नव्हते, धरतीमातेची छाती फाडायची नाही म्हणून. झाडं तोडायची, वाळली की जाळायची, राखेत कोदो-कुटकी पेरायची, दोनतीन वर्षांनी जागा बदलायची, ही बेवर. इंग्रजांच्या जंगल खात्याने ती बंद करत आणली आणि 1890 ला बैगा चक नावाचा राखीव टापू आखून तेवढ्यातच परवानगी ठेवली, बाकी ठिकाणी नांगर धरा म्हणाले. शेतीच बदलली तर तिची बोली कुठून टिकणार?

शंकेखोर: हे जरा जास्तच रोमँटिक होतंय. गोंडांच्या गावात गावदेवाची पूजा बैगाच करतो, गुनिया म्हणजे झाडपाला-मंत्र करणाराही बऱ्याचदा तोच, म्हणजे शेजाऱ्यांशी बोलणं पिढ्यान्‌पिढ्याचं. भाषा त्यातूनही बदलते, दर वेळी सरकारच कशाला पाहिजे?

बेवरवाला: गोंडांशी बोलून छत्तीसगढी आली होय? 😀

शंकेखोर: गोंडही बऱ्याच ठिकाणी गोंडी सोडून छत्तीसगढीच बोलतात भाऊ, त्यात हसण्यासारखं काय.

गोंदियावाली: मूळ काय होतं ते राहू द्या घटकाभर. बैगा चित्रकार जोधइया बाईंना 2023 ला चित्रांसाठी पद्मश्री मिळाली तेव्हा सगळ्यांनी फोटो शेअर केले, पण बैगा पोरगं पहिलीत बसलं की समोर पुस्तक हिंदीचं. निदान पहिली-दुसरी तरी बैगानीत करा.

शंकेखोर: करा की, पण कुठल्या बैगानीत? दिंडोरीच्या की छत्तीसगढातल्या कवर्ध्याच्या? आणि आधी तिथल्या आईबापांना विचारा, त्यांना पोरासाठी हिंदी हवी असेल तर?