वांगावर सीरम लावणारी प्रत्येक बाई गोरेपणाच्या मागे लागलेली नसते

चैत्रपालवी:
परवाचा सातारकरांचा लेख डोक्यातून जात नाहीये, म्हणून तिथे प्रतिसाद न देता वेगळा धागाच काढतेय. त्यांचं म्हणणं असं की ब्राइटनिंग सीरम म्हणजे फेअरनेस क्रीमच, फक्त ड्रॉपरच्या बाटलीत. फेअर अँड लव्हलीने २०२० मध्ये नावातून 'फेअर' काढलं तरी धंदा तोच राहिला, आणि सीरम घेणाऱ्या शिकल्यासवरल्या बायका स्वतःला फसवत गोरेपणाची गुलामीच करतात. शेवटी सल्ला: आहे तो चेहरा आनंदाने स्वीकारा.

सातारकर, मी सावळी आहे. आई सावळी, लेकही सावळी, आणि त्याचं मला कधी काही वाटलं नाही. मला वांग आहेत. दुसऱ्या बाळंतपणात दोन्ही गालांवर आणि वरच्या ओठावर आले. ओठावरचा डाग लांबून मिशीसारखा दिसतो. भाजीवाली सगळ्यांसमोर विचारते, 'ताई, भाजलं का वो?' स्वीकारा म्हणणं सोपं आहे, हा प्रश्न तुम्हाला कोणी विचारत नाही म्हणून.

त्वचेच्या डॉक्टरांनी रात्री अझेलिक ॲसिड दिलंय, सकाळी नायसिनामाइडचं सीरम आणि त्यावर सनस्क्रीन. कातडीत तयार झालेलं मेलॅनिन, म्हणजे रंगद्रव्य, वरच्या पेशींकडे जाणं नायसिनामाइड कमी करतं. त्याने सावळी बाई गोरी होत नाही. गालावरच्या डागाची कड आता पुसट झालीय, मधला भाग अजून गडद आहे आणि ओठावरचा जागचा हललेला नाही. पण एवढ्यानेही मला बरं वाटतं. यात गुलामी कुठे आली?

सातारकर:
ताई, तुमच्या वांगांबद्दल मी एक अक्षर लिहिलेलं नाही. मी जाहिरातींबद्दल लिहिलं. सावळ्या माणसाला दुःखी, अपयशी दाखवू नका, असे नियम जाहिरात मानक परिषदेने २०१४ मध्ये केले. त्यानंतर जाहिरातीतली मुलगी नोकरीसाठी उजळ व्हायची थांबली आणि तिला अचानक 'डाग' पडायला लागले. फोटो मात्र तेच, आधीची गडद आणि नंतरची उजळ.

माझ्या धाकट्या बहिणीला कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात समोरच्या बाईंनी हात पुढे करायला सांगितला आणि स्वतःच्या मुलाच्या हाताशेजारी ठेवून रंग बघितला. मी त्याच खोलीत बसलो होतो. तिच्या तोंडावर एकही डाग नव्हता. ती आज तीन तीन सीरमं लावते. मी लिहिलं ते तिच्यासाठी.

वऱ्हाडची:
सातारकर दादा, बहिणीसाठी लिहायचं होतं तर तसं लिहा ना. सगळ्या बायकांना एका माळेत काहून ओवता?

आजीचा_बटवा:
एवढ्या महागड्या बाटल्या कशाला? मसुराच्या डाळीचं पीठ, हळद, साय आणि चार थेंब लिंबू. आमच्या घरात कुणालाच वांग नाहीत.

डॉ_निवासी:
लिंबू चेहऱ्यावर लावू नका, हात जोडून सांगते. लिंबाच्या रसावर ऊन पडलं तर कातडी भाजल्यासारखी होते आणि मागे जो काळा डाग राहतो तो महिनोन्‌महिने जात नाही. पीठ चोळूनही वांग वाढू शकतो, आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीवर घासलं की डाग पडू शकतो.

आजीचा_बटवा:
म्हणजे आमच्या आज्या मूर्ख होत्या! तुम्हाला फी मिळत नाही ना उटण्यात.

डॉ_निवासी:
मी सरकारी रुग्णालयात आहे, फीचा प्रश्नच येत नाही. दिवाळीला अंगाला उटणं लावा, मीही लावते.

औषधवाले:
सीरमवर काय भांडताय? दुकानात बसा माझ्या एक दिवस. सीरम घेणारे चार-दोन. बाकी सगळे 'ती डागांची ट्यूब द्या' म्हणत येतात. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड एकत्र असलेली. स्वस्त आहे आणि आठवड्यात फरक दिसतो. तुमच्या अझेलिकला दोन-तीन महिने थांबायला कोण तयार आहे?

डॉ_निवासी:
आणि तुम्ही देता?

औषधवाले:
मी नाही दिली तर पुढच्या चौकातला देतो.

डॉ_निवासी:
हे वाचून संताप झाला माझा. हे मिश्रण क्लिगमन आणि विलिस या अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञांनी १९७५ मध्ये मांडलं ते उपचार म्हणून. डॉक्टरच्या नजरेखाली, ठरावीक काळ लावून बंद करायचं औषध आहे ते, रोजची फेस क्रीम नाही. लावण्याची स्टेरॉइडं २०१८ पासून अनुसूची एच मध्ये आहेत, चिठ्ठीशिवाय विकायचीच नाहीत. आमच्या ओपीडीत या ट्यूबवाल्या मुली येतात. कातडी इतकी पातळ झालेली की खालच्या लाल शिरा दिसतात, गालावर लव वाढलेली, हनुवटीवर पुटकुळ्या. ट्यूब बंद केली की आग होते, म्हणून परत लावतात. हायड्रोक्विनोन वर्षानुवर्षं लावलं तर निळसर-काळे डाग पडतात, त्यांच्यावर आमच्याकडेही फारसा इलाज नाही.

औषधवाले:
मॅडम, तुम्ही शहरात आहात. आमच्या तालुक्याला त्वचारोगतज्ज्ञ नाही. जिल्ह्याला जायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडते, वर एसटीचं भाडं. बाई येते, मैत्रिणीच्या जुन्या चिठ्ठीचा फोटो मोबाइलवर दाखवते. चुकीचं आहे हे मलाही कळतं. पण सगळं खापर काउंटरवरच्या माणसावर फोडू नका. कितीतरी चिठ्ठ्यांवर 'लावत राहा' एवढंच असतं, कधीपर्यंत ते कुणी लिहीत नाही.

डॉ_निवासी:
चिठ्ठीवर मुदत लिहीत नाहीत, हे खरं आहे आणि ते आमच्याच लोकांचं काम आहे. तरीही चिठ्ठीशिवाय विकणं मला मान्य नाही, अजिबात नाही.

वऱ्हाडची:
ट्यूबवर निदान नाव तरी असते. अकोल्याचं विसरले का सगळे? एकाच घरातल्या तिघी, आई आणि दोन मुली, पार्लरवालीकडून घेतलेली क्रीम लावत होत्या. तिघींच्या किडनीला त्रास झाला. मुंबईच्या केईएममध्ये तपासलं तर क्रीममध्ये पारा निघाला. केरळात मलप्पुरमकडेही असेच किडनीचे रुग्ण सापडले, २०२३ मध्ये. आमच्या इकडे अजून बिनलेबलच्या डब्या मिळतात, 'पाकिस्तानी आहे, हप्त्यात गोरी' म्हणून. माझ्या चुलतबहिणीच्या लग्नाआधी पार्लरवालीने अशीच डबी दिली होती. मी ती नालीत फेकली, तर दोन महिने माझ्याशी बोलली नाही. बोलू नको म्हटलं, पण जिवंत राहा.

सातारकर:
बघा! मी हेच म्हणत होतो. बाजार गोरेपणाचाच आहे.

चैत्रपालवी:
नाही, तुम्ही हे म्हणत नव्हतात. पाऱ्याची डबी आणि डॉक्टरने दिलेलं अझेलिक तुम्ही एकाच पारड्यात टाकलंत. मग वांगवाली बाई काय करते? लाजेपोटी डॉक्टरकडे जात नाही, कारण डॉक्टरकडे गेलं तर 'नटवी', 'गोरं व्हायचंय हिला'. ती गुपचूप पार्लरमध्ये जाते किंवा औषधवाल्यांच्या काउंटरवर. तुमच्या लेखासारखं लिहिणं तिला तिकडेच ढकलतं. माझा राग आहे तो याचा.

सातारकर:
हे मी लिहिताना डोक्यात नव्हतं. ठीक आहे, वांग आणि रंग वेगळे, एवढं मानतो. पण मग वांगाच्या औषधावर 'ग्लो' आणि 'रेडियन्स' छापू नका म्हणावं त्या कंपन्यांना. त्यावर तुम्ही कोणीच बोलत नाही.

चैत्रपालवी:
त्यावर मी बोलतेच. मला सनस्क्रीन रंगीत लागतं, कारण वांगाला नुसते अतिनील किरण नाही, साधा उजेडही भोवतो आणि तो अडवायला त्यात आयर्न ऑक्साइड असावं लागतं. दुकानात गेले तर सगळ्या छटा गोऱ्या कातडीच्या. माझ्या गालावर ते राखेसारखं दिसतं. दोन ट्यूब मिसळून लावावं लागतं. ज्या देशात बहुतेक लोक सावळे त्या देशात ही गत. लिहा यावर लेख, मी पहिला प्रतिसाद देईन.

शांता_निपाणी:
मधेच विचारते, रागावू नका. माझी मुलगी कॉलेजला आहे, मान मागून काळी पडलीय, मखमलीसारखी जाडसर. व्हिटॅमिन सीचं सीरम आणलं, तेही आता तपकिरी झालंय. लावू का?

डॉ_निवासी:
मावशी, तपकिरी झालेलं सीरम हवेने खराब झालेलं असतं, टाकून द्या. आणि मान अशी मखमली काळी झाली तर तो मळ नाही, घासू नका तिला. शरीर इन्सुलिन नीट वापरत नसेल तर असं होतं, त्यावर सीरमचा उपयोग नाही. वजन वाढलंय का, पाळी नियमित येते का, तेवढं सांगा. साखर तपासून घ्या, तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातही होते.

शांता_निपाणी:
पाळी दोन दोन महिने येत नाही तिची. उद्याच नेते.