दारूपेक्षा झोप जास्त घात करते
हायवेवरच्या अपघातांचा विषय निघाला की ट्रकवाले सगळे पिऊनच चालवतात असं म्हणतात, ते अर्धंच खरं आहे भाऊ. आमच्याकडं सोलापूर-धुळे हायवेला गेवराई-पाचोडच्या मधी पहाटे तीन-चारला उभं राहून बघा, गाडी हळूहळू डिव्हायडरकडं सरकत जाते अन् एकदम झटका देऊन परत लेनमधी येते, ती दारू नसते, डुलकी असते. 1961 च्या मोटार ट्रान्सपोर्ट कामगार कायद्यात (2025 पर्यंत होता तो) दिवसाला 8 अन् आठवड्याला 48 तास लिहिले होते, पण मालक भाडंच ठरवतो उद्या सकाळी माल पोचला पाहिजे या बोलीवर, दुसऱ्या ड्रायव्हरचा पगार कोण देणार? मग क्लीनरच्या हातात स्टेअरिंग (लायसनचं विचारू नका). 1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या मोठ्या ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा केलाय, चांगलंय, पण जुन्या गाडीत मे महिन्यात इंजिनाच्या धगीला दिवसभर बसलेला माणूस रात्री जागणार कसा. राँग साईडनं येणारे अन् ढाब्यासमोर लाईट बंद करून रोडवरच गाडी लावणारे, त्यांची बाजू मी घेत नाही, खुशाल दंड करा. अन् हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या, मागं ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर, त्याबद्दल कुणीच बोलेना, कारण ट्रॅक्टर आपल्याच पाव्हण्याचा असतो.