पॅराग्लायडिंगच्या हवाई कसरतींसाठी पहिली अ‍ॅक्रो विंग : १८ की २० चौरस मीटर?

प्रश्न – कृष्णाकाठ_कराड
नमस्कार. गेले पाच हंगाम मी पाचगणीला पॅराग्लायडिंग करतो आणि माझे एकूण १९० तास उड्डाण झाले आहे. सध्या माझ्याकडे २७ चौरस मीटरची ईएन-बी श्रेणीची (युरोपीय सुरक्षा वर्गीकरणातील सर्वात सोप्या श्रेणीच्या पुढची) विंग, म्हणजे पॅराग्लायडरचे कापडी छत, आहे. गेल्या वर्षी तुर्कस्तानात ओलुडेनिझ येथे एसआयव्हीचे, म्हणजे हवेत बिघडलेली विंग सावरण्याचे, प्रशिक्षण घेतले. तेथे चार वेळा फुल स्टॉल केला (दोन्ही ब्रेक-दोऱ्या पूर्ण ओढून विंगचे उडणे थांबवले), परंतु बॅकफ्लाय (स्टॉलनंतर अर्धवट भरलेली विंग डोक्यावर धरून ठेवणे) एकदाही स्थिर राहिला नाही. आता अ‍ॅक्रो शिकण्याची मनापासून इच्छा आहे. एका परिचिताकडे १८ चौरस मीटरची वापरलेली, केवळ अ‍ॅक्रोसाठी बनवलेली विंग निम्म्या किमतीत मिळत आहे. माझे वजन ७२ किलो असून सर्व साहित्यासह ते ८४-८५ भरेल, असा माझा अंदाज आहे. सुरुवातच लहान विंगने केली तर पुढे दुसरी घ्यावी लागणार नाही, असे त्याचे म्हणणे आहे. ते कितपत बरोबर आहे?

उत्तर – वाईचा_उतार
सर्वप्रथम अंदाज बाजूला ठेवून प्रत्यक्ष वजन करावे. हार्नेस (बसण्याचे पट्ट्यांचे आसन), दोन्ही रिझर्व्ह (आपत्कालीन पॅराशूट), हेल्मेट, बूट, जॅकेट, पाणी आणि विंग असे सगळे घेऊन काट्यावर उभे राहावे. अ‍ॅक्रोसाठी दोन रिझर्व्ह लागतात, हे आपण धरलेले दिसत नाही. हे वजन ९० किलो निघाले असे मानले, तर आपल्या सध्याच्या विंगवर दर चौरस मीटरला सुमारे ३.३ किलो भार येतो, २० च्या विंगवर ४.५ आणि १८ च्या विंगवर थेट ५. विंगचा वेग भाराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढत असल्याने २० वर तो सुमारे १६ टक्के आणि १८ वर सुमारे २२ टक्के वाढेल. आकडा लहान वाटतो, पण जमिनीवर आदळताना अंगावर येणारी ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे १८ वर ती आजच्या दीडपट होते. त्यातच पाचगणीचे पठार सुमारे १३०० मीटर उंचीवर असल्यामुळे तेथील हवा समुद्रसपाटीपेक्षा विरळ असते, आणि पठारावरच उतरायचे झाल्यास प्रत्यक्ष वेग आणखी थोडा जास्त मिळतो. वारा पडलेल्या दुपारी तेथे १८ ची विंग पळत उतरवणे कसे असेल, याचा विचार करावा.

उत्तर – सांगलीवाडी_आकाश
मला आकारापेक्षा आपले एक वाक्य अधिक महत्त्वाचे वाटते: बॅकफ्लाय स्थिर राहिला नाही. स्टॉलच्या क्षणी कानाजवळचा वाऱ्याचा आवाज एकाएकी थांबतो, विंग पाठीमागे जाते आणि आपण तिच्याखाली कोसळू लागतो. तेथून ब्रेक नेमके तेवढेच सोडून अर्धवट भरलेली विंग डोक्यावर धरून ठेवणे, हे अ‍ॅक्रोचे मूळ आहे. बरेच जण सॅट या फिरकीपासून सुरुवात करतात, कारण तिच्यात शिरणे सोपे असते. मात्र हेलिकॉप्टर किंवा मिस्टी फ्लिप या कसरतींसाठी स्टॉलची सीमा हाताला कळावीच लागते. अ‍ॅक्रो विंगचा स्टॉल ईएन-बीपेक्षा स्वच्छ असतो, हे मान्य. पण विंग जितकी लहान, तितकी ती झटकन फिरते. अंग मागे राहते, रायझरना (विंगच्या दोऱ्या हार्नेसला जोडणाऱ्या पट्ट्यांना) पीळ बसतो आणि ब्रेक अडकतात. चूक ओळखून ती सुधारायला मिळणारा वेळच कमी होतो. म्हणून माझा सल्ला स्पष्ट आहे: नीव्हियुकच्या एफ-ग्रॅव्हिटीसारखी फ्रीस्टाइल प्रकारची (कसरती आणि रोजचे उड्डाण या दोन्हींसाठीची) विंग २० च्या आसपास घ्यावी आणि १८ चा विचार शंभरेक स्टॉल झाल्यावर करावा. पुन्हा खर्च होईल, हे खरे आहे. पण फ्रीस्टाइल विंगवर रोजचे रिज सोअरिंगही (डोंगराला आपटून वर चढणाऱ्या वाऱ्यावरचे उड्डाण) होते, त्यामुळे ती पडून राहत नाही.

आणखी एक कळकळीची विनंती. हा सराव पाचगणीला करू नये. टेक-ऑफपासून खालच्या शेतांपर्यंत जेमतेम पाचशे-सहाशे मीटर मिळतात. ओलुडेनिझला १७०० मीटरवरून निघून थेट समुद्रावर येता येते. धोम धरणाचे पाणी समोर दिसते, म्हणून तेथे जाण्याचा मोह होतो. पण खाली प्रशिक्षित माणसांची बोट उभी नसेल, तर भिजलेली विंग आणि हार्नेस माणसाला खाली ओढतात.

उत्तर – वाईचा_उतार
वापरलेल्या विंगबाबत राहिले. अ‍ॅक्रोमध्ये दोऱ्यांवर आणि शिवणीवर ताण फार येतो. कापडाची सच्छिद्रता, दोऱ्यांची ताकद आणि लांबी यांची तपासणी केल्याशिवाय पैसे देऊ नयेत. पुढच्या कडेच्या कप्प्यांत हात घालून आतले पडदे चाचपावेत; बाहेरून नवी दिसणारी विंगही आत फाटलेली असू शकते.

प्रश्नकर्ता – कृष्णाकाठ_कराड
आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. काल मार्केट यार्डातील एका व्यापाऱ्याच्या काट्यावर सर्व साहित्यासह उभा राहिलो. दुसऱ्या रिझर्व्हच्या जागी तेवढ्याच वजनाची साखरेची पिशवी हार्नेसमध्ये ठेवली होती. ९१ किलो ४०० ग्रॅम भरले, म्हणजे माझा अंदाज सहा-सात किलोंनी चुकला होता. १८ च्या विंगवर भार ५ च्याही वर जात असल्याने परिचिताला नकार कळवला आहे. २० ची फ्रीस्टाइल विंग शोधतो आहे, आणि ती मिळाली तरी आधी सध्याच्या विंगवर आणखी एक एसआयव्ही करून तीत केवळ स्टॉल आणि बॅकफ्लायच करणार आहे. आपल्यापैकी कोणी येत्या हंगामात नेपाळमधील पोखऱ्याला किंवा ओलुडेनिझला जाणार असल्यास जरूर कळवावे.