शब्दचर्चा : 'वुडकट'ला मराठीत काय म्हणावं?

विचारणा : शिको मुनाकाता (१९०३–१९७५) या जपानी चित्रकाराच्या 'दोन बोधिसत्त्व आणि बुद्धाचे दहा महाशिष्य' या वुडकट मालिकेला (म्हणजे लाकडी फळी कोरून कागदावर छापलेल्या चित्रांना) एका लेखात 'काष्ठशिल्प' म्हटलं आहे. हा शब्द बरोबर आहे का?

प्रतिसाद १ : चूक आहे. काष्ठशिल्प म्हणजे लाकडात कोरलेली मूर्ती. इथे कोरलेली असते फळी, आणि चित्र उमटतं कागदावर. 'काष्ठठसा' त्याहून बरा, पण 'ठसा' फळीलाही म्हणतात आणि उमटलेल्या खुणेलाही. 'काष्ठठसा हरवला' म्हटल्यावर नक्की काय हरवलं? या मालिकेत तर हा प्रश्न खराच येतो : १९३९च्या मूळ कामातल्या मंजुश्री आणि समंतभद्र या बोधिसत्त्वांच्या फळ्या युद्धात गेल्या आणि त्याने १९४८मध्ये त्या नव्याने कोरल्या. म्हणून फळीला 'ठसा' आणि कागदाला 'काष्ठमुद्राचित्र' म्हणावं.

प्रतिसाद २ : मुनाकाताने स्वतः याच शब्दावर विचार केला होता. जपानीत मुद्राचित्राला 'हांगा' म्हणतात. त्यातल्या 'हान'चं नेहमीचं चिन्ह छपाईच्या ठशाचं. १९४२पासून त्याने उच्चार तोच ठेवून 'फळी' या अर्थाचं चिन्ह लिहायला सुरुवात केली. त्यात डावीकडे 'झाड' असतं. चित्राचा जीव लाकडात आहे, हे त्याला सांगायचं होतं. मराठीत 'फळीचित्र' जमेल. 'पाटचित्र' नको, 'पटचित्रा'शी घोटाळा होईल.

प्रतिसाद ३ : 'वुड एन्ग्रेव्हिंग'ही वेगळं ठेवा. वुडकटला लाकूड उभं चिरलेली फळी लागते. लाकडातल्या रेषांना आडवी पटाशी चालवली की ढलपी उडते, म्हणून आधी सुरीने कड कापून मग आतलं काढतात. एन्ग्रेव्हिंगला खोडाचा आडवा छेद लागतो, त्यात कुठल्याही दिशेने बारीक रेघ निघते. दोन्हींत जे कोरलं ते पांढरं राहतं आणि चित्र उलटं उमटतं, त्यामुळे अक्षरं उलटी कोरावी लागतात.

प्रतिसाद २ : आणखी एक शब्द : 'उराझाइशिकी', म्हणजे पाठीमागून रंग भरणं. काळ्या छापाच्या मागच्या बाजूने कुंचल्याने पाणरंग लावायचा, तो झिरपून पुढे मंद दिसतो. कागद पातळ, हातकागद हवा. जाड असेल तर रंग पुढे येत नाही. कुंचला फार ओला असेल तर रंग रेघेबाहेर फुटतो. मुनाकाताने ही पद्धत खूप वापरली, पण महाशिष्य काळे-पांढरेच आहेत. याला 'पाठरंग' म्हणता येईल.

प्रतिसाद १ : 'पाठरंग' छान आहे. शिष्यांची नावं मात्र मराठीत लिहिताना जपानी उच्चाराने नकोत. 'शारिहोत्सु' वाचून सारिपुत्त कुणाला कळणार? सारिपुत्त, मोग्गलान, उपाली, आनंद ही नावं इथल्या बौद्ध घरांत रोजची आहेत.