मदत हवी आहे: ‘द थर्टीन्थ गेस्ट’ (१९३२) ला मराठी सबटायटल करतोय, सिंक आणि एका शब्दावर अडलोय

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे आणि जरा घाई आहे, भाऊबीजेला अकरा दिवस राहिलेत.

माझी आत्या ८२ वर्षांची आहे. दोन्ही कानांना मशीन, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय त्यामुळे वाचायला मात्र एकदम मस्त दिसतं. आयुष्यभर लायब्ररीतून रहस्यकथा आणून वाचल्यात तिने, आता टीव्हीवरचं काही ऐकू येत नाही म्हणून नुसती चित्रं बघत बसते. गेल्या महिन्यात तिच्याकडे गेलो होतो तेव्हा यूट्यूबवर ‘द थर्टीन्थ गेस्ट’ लावला होता, मी एक एक वाक्य थांबवून तिच्या कानाशी मराठीत सांगत होतो. पंधरा-वीस मिनिटं झाली आणि माझा घसा बसला, तिथेच राहिलं. तेव्हापासून रोज फोनवर विचारते, पुढे काय झालं त्या मुलीचं. ती भाऊबीजेला बाबांना ओवाळायला आमच्याकडे येणार, तेव्हा अख्खा पिक्चर मराठी सबटायटलसकट दाखवायचा असं मी ठरवलंय.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मोनोग्राम नावाची हॉलिवूडमधली छोटी कंपनी होती, कमी पैशात आणि झटपट पिक्चर काढणारी, त्यांचा हा. जेमतेम ६९ मिनिटांचा. दिग्दर्शक अल्बर्ट रे, आणि हिरॉइन जिंजर रॉजर्स, जी तेव्हा फक्त २१ वर्षांची होती आणि फ्रेड अस्टेअरबरोबर नाचून जगभर नाव व्हायच्या आधीची. एक मोठा वाडा, म्हणजे आपला चौकाचा नाही, अमेरिकन श्रीमंतांचा बंगला, तेरा वर्षं कुलूपबंद. तेरा वर्षांपूर्वी तिथे तेरा जणांसाठी जेवणाचं टेबल मांडलं होतं, एक पाहुणा आलाच नाही, आणि घरमालक मृत्युपत्रात लिहून गेला की इस्टेटीचा मोठा भाग त्या न आलेल्या पाहुण्याला. तो कोण हे कुणालाच माहीत नाही. आता घरमालकाची मुलगी २१ ची झाली म्हणून ती रात्री एकटी त्या घरात जाते, आणि मग एकेकाचा खून व्हायला लागतो. खून विजेच्या शॉकने, आणि प्रेत त्या दिवशी जो जिथे बसला होता त्याच खुर्चीवर आणून बसवायचं.

पैसे नव्हते हे दिसतं, सेट मोजके, बॅकग्राउंडला संगीत जवळपास नाहीच. पण मला तेच आवडतं. संगीत नसल्यामुळे खोलीतली शांतता खरी वाटते, आणि धूळ बसलेलं ते मांडलेलं टेबल दिसतं तेव्हा पोटात गोळा येतो. आत्याने बघितल्या बघितल्या काय विचारलं माहितीये? “अरे तेरा वर्षं बंद घर ना, मग वीज कशी चालू, बिल कोण भरतंय?” मी गप्पच झालो, कारण टेलिफोनसुद्धा चालू असतो आणि पोलिसांचा तपास नेमका तिथूनच सुरू होतो. तिला एक अक्षर ऐकू येत नव्हतं तरी तिने ते पकडलं. म्हणून मला हे नीट करायचंय, कसंतरी उरकायचं नाहीये.

आता अडचणी.

एक, नेटवर इंग्रजी सबटायटलची फाइल मिळाली, तिच्यावरून मराठी लिहिलं, सगळं मिळून चारेक रात्री गेल्या. पण चालवून बघितलं तर सुरुवातीला बरोबर येतं आणि हळूहळू सबटायटल पुढे पळायला लागतं. अर्ध्या तासाला साधारण सव्वा मिनिट पुढे, शेवटी तर पावणेतीन मिनिटं. म्हणजे खुनी कोण ते आधी वाचायला मिळणार आणि पडद्यावर नंतर दिसणार! एकेक ओळ हाताने सरकवायची म्हटली तर भाऊबीज निघून जाईल.

दोन, पेनड्राइव्हवर टाकून टीव्हीला लावलं तर मराठीच्या जागी नुसते चौकोन.

तीन, आणि मला याचीच जास्त काळजी आहे. ‘तेरावा पाहुणा’ असं मी सगळीकडे लिहिलं होतं. बाबांनी वाचलं आणि म्हणाले हे काय, तेराव्याला आलेला पाहुणा का? तोपर्यंत माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. त्या लोकांना एका टेबलावर तेरा माणसं बसणं अशुभ वाटतं, येशूच्या शेवटच्या जेवणापासूनचं ते. आपल्याकडे जेवणाची पंगत आणि ‘तेरावा’ हे शब्द शेजारी आले की एकच गोष्ट आठवते. आत्याचे यजमान दोन वर्षांपूर्वी गेले. सणाच्या दिवशी तिच्यासमोर पडद्यावर शंभर वेळा ‘तेरावा’ यावा असं मला अजिबात वाटत नाही. पण तेरा आकडा काढूनही चालत नाही कारण वडिलांनी मुलीसाठी ठेवलेल्या कागदावर १३-१३-१३ असा आकडा असतो आणि गोष्ट त्याच्यावर फिरते. काय करू?

कृपा करून खुनी कोण ते इथे लिहू नका, घरात बाकीच्यांनी पाहिलेला नाही आणि बाबा हा धागा वाचणार आहेत.

प्रतिसाद १
फाइल चुकीच्या पिक्चरची नाही ना बघा. याच गोष्टीवर त्याच कंपनीने १९४३ मध्ये पुन्हा पिक्चर काढला होता, ‘द मिस्ट्री ऑफ द थर्टीन्थ गेस्ट’, त्यात हेलन पॅरिश आहे. नावं इतकी सारखी की फाइली सर्रास इकडच्या तिकडे झालेल्या असतात. आणि १९३२ चा इंग्लंडमध्ये ‘लेडी बिवेअर’ नावाने लागला होता, प्रिंट शोधताना त्या नावानेही बघा, तुमच्याकडची धुरकट असेल तर.

प्रतिसाद २
फाइल बरोबरच असणार, नाहीतर सुरुवातीपासूनच जुळलं नसतं. हा फ्रेम रेटचा, म्हणजे सेकंदाला किती चित्रं पळतात त्याचा घोळ आहे. पिक्चर २४ फ्रेमचा, आणि ज्याने सबटायटल बनवलं त्याच्याकडे युरोपच्या टीव्हीसाठीची २५ ची कॉपी होती. २५ ने पळवला की ६९ मिनिटांचा पिक्चर ६६ मिनिटांत संपतो, तुमची पावणेतीन मिनिटं तिथेच गेली. सबटायटल एडिट नावाचं फुकट सॉफ्टवेअर घ्या, सिंक्रोनायझेशन मेनूत चेंज फ्रेम रेट आहे, २५ वरून २४ करा. आधी तुमच्या व्हिडिओच्या प्रॉपर्टीत बघून घ्या २४ आहे का २३.९७६, जे असेल ते टाका. पाच मिनिटांचं काम आहे, एकही ओळ हाताने हलवू नका.

चौकोनांचं म्हणाल तर आधी फाइल यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवायची पद्धत, तिच्यात देवनागरी चालते) सेव्ह करून बघा. पण बऱ्याच टीव्हीत देवनागरी फाँटच नसतो, किंवा असला तरी जोडाक्षरं फुटतात, त्यामुळे त्यात वेळ घालवू नका, अक्षरं सरळ चित्रावरच छापून टाका. त्याच सॉफ्टवेअरमध्ये व्हिडिओ मेनूत बर्न्ड-इन सबटायटलचा पर्याय आहे, फाँट आणि साइझ तिथेच निवडता येते. ‘मुक्ता’ फाँट घ्या, म्हाताऱ्या माणसांना वाचायला सोपा जातो. एका वेळी दोनच ओळी ठेवा. तो पोलिसवाला फार भरभर बोलतो, त्याचं सगळं लिहू नका, अर्थ तेवढा द्या.

प्रतिसाद ३
दादा, तुम्ही आत्याचा इतका विचार करताय ते वाचून बरं वाटलं. मला आधी ‘तेरावं पान’ सुचलं होतं, पान वाढून ठेवलंय आणि माणूस आला नाही, पण त्यातही तेरावं येतंच, आणि रिकामं पान म्हटलं तर पितरांचं पान आठवायचं. त्यापेक्षा ‘तेरा नंबरचा पाहुणा’ करा ना. तेरा नंबरची खुर्ची, तेरा नंबरचा पाहुणा. लग्नाच्या हॉलमध्ये, एसटीत आपण असंच बोलतो, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. आणि १३-१३-१३ पण आपोआप जुळतं.

आणि ‘बेनिफिशिअरी’ वगैरे आलं तर ‘लाभार्थी’ लिहू नका हो, सरकारी योजना वाटते. ‘इस्टेट कुणाच्या नावे केली’ एवढं पुरे.

कॉपीराइटचं कुणी विचारायच्या आधी सांगते, भारतात सिनेमाला प्रदर्शनानंतर ६० वर्षं असतात, ती कधीच संपली. मूळ कादंबरी ज्याची तो आर्मिटेज ट्रेल १९३० मध्येच वारला, २८ वर्षांचा होता फक्त, हा पिक्चर त्याने पाहिलाच नाही. ‘स्कारफेस’ ही कादंबरी पण त्याचीच. त्यामुळे तुमचं सबटायटल झालं की इथे टाका, माझी आजी पण अशीच आहे.

धागाकर्ता
सगळ्यांचे मनापासून आभार. व्हिडिओ २४ चाच निघाला, २५ वरून २४ केलं आणि शेवटच्या सीनपर्यंत ओठाला ओठ लागून येतंय. चार रात्रींचं काम वाचलं माझं.

ताई, ‘तेरा नंबरचा पाहुणा’ बाबांना वाचून दाखवलं, त्यांनी लगेच मान हलवली. सगळीकडे बदललं, नावाच्या पाटीवर सुद्धा. लाभार्थी खरंच लिहिलं होतं मी दोन ठिकाणी, काढलं.

अक्षरं छापून टीव्हीवर लावलं, चौकोन गेले. बाबांना हॉलमध्ये आत्या बसते त्या खुर्चीवर बसवून बघितलं, पहिल्या साइझला त्यांना पुढे वाकावं लागत होतं म्हणून वाढवली, आता टेकून बसून वाचता येतंय. पण पांढरी अक्षरं पांढऱ्या टेबलक्लॉथवर आली की दिसत नाहीत, आणि जेवणाच्या टेबलाचे सीन तर महत्त्वाचे. अक्षरांना काळी कड जाड करू का मागे काळी पट्टी देऊ? पट्टी दिली तर टेबलावरचं झाकलं जाईल आणि आत्याला तेच बघायचं असतं. कुणी करून पाहिलं असेल तर सांगा, आज रात्री पुन्हा बसणार आहे.